खानापूर ते बेळगाव : ६० जीबी जुनं दफ्तर पेनड्राइव्हशिवाय सुरक्षित कसं न्यावं?

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. दोन वर्षं झाली, दर रविवारी आम्ही चौघं तिथं बसून गावातली दफ्तरं स्कॅन करतोय. मोडीतली खरेदीखतं, देवस्थानाचे जमाखर्च, आणि १९५६ च्या आधीचे, म्हणजे आपला भाग मुंबई राज्यात होता तेव्हाचे शेतसाऱ्याचे मराठी कागद. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनपासून चार महिने कपाटातला कागद ओल धरतो आणि ओलीमागून वाळवी येते. काही वह्यांचा आता भुगा झालाय, त्यांचा स्कॅन तेवढा उरलाय. म्हणून त्याची दुसरी प्रत बेळगावात, माझ्या अनगोळच्या घरच्या कॉम्प्युटरवर असायलाच हवी.

आजवर पेनड्राइव्ह खिशात घालून खानापूरच्या बसनं येत होतो. एकदा वाटेत झेरॉक्सच्या दुकानात तो लावला आणि घरी बघतो तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. मागच्या महिन्यात ११ फाइली उघडल्याच नाहीत. मूळ फाइली वाचनालयात होत्या म्हणून निभावलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

एकूण साठा ६० जीबी. वाचनालयात लिनक्स मिंट, घरी उबुंटू. कमांड लाइनवरून एससीपीनं फाइली पाठवता येतात असं ऐकलंय. ते कितपत सुरक्षित? लाइन मध्येच तुटली तर काय? एका कागदावर गावातल्या पाच घरांच्या जमिनीची भानगड असते, म्हणून हे वाटेत कुणी वाचू नये ही माझी पहिली अट आहे.

खडेबाजार | रविवार, रात्री १०.०५

काम फार मोलाचं करताय. आधी 'सुरक्षित' म्हणजे काय ते बघू.

फाइली पाठवायचं जुनं एफटीपी आणि दूरच्या यंत्रावर काम करायचं टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवतात. मधल्या कुठल्याही यंत्रावर बसलेला माणूस तो वाचू शकतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, आणि त्यामुळंच तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी कुलूपबंद जोडणी करायचं साधन, लिहिलं. आज आपण वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ पासूनचं. एससीपी, एसएफटीपी आणि एसएसएचवरून चालणारं आरसिंक ही फाइली पाठवायची तिन्ही साधनं त्याच बंद नळीतून जातात. नळीत पासवर्ड, फाइलचं नाव, मजकूर, सगळं कुलुपात असतं, आणि वाटेत कुणी एक अक्षर बदललं तरी जोडणी तुटते.

सोपी कमांड अशी. उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं. जिथं 'मोठं' म्हणीन तिथंच मोठं.

एससीपी -आर वह्या दफ्तर@१९२.१६८.१.२०:/होम/दफ्तर/

डावीकडं काय पाठवायचं, उजवीकडं कुणाकडं आणि कुठं. विसर्गासारख्या त्या दोन टिंबांच्या आधी यंत्राचा पत्ता, नंतर जागा. टिंबं आणि पुढची जागा दोन्ही लिहायची राहिली तर कमांड चूक दाखवत नाही, तुमच्याच यंत्रावर त्या नावाची प्रत करून मोकळी होते. पोर्ट, म्हणजे यंत्राच्या दाराचा क्रमांक, वेगळा असेल तर एससीपीला मोठा पी लागतो, एसएसएचला छोटा. एससीपीत छोटा पी म्हणजे फाइलची मूळ तारीख-वेळ राखणं. यात भलेभले अडकतात.

एससीपीची जुनी पद्धत आतून कच्ची होती. २०२२ च्या एप्रिलात आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी ही कमांड आतून एसएफटीपीचीच पद्धत वापरते. समोरचं यंत्र फार जुनं असेल आणि प्रत होईना झाली, तर मोठा ओ लावून जुनी पद्धत मागता येते. तुमची दोन्ही यंत्रं नवी असतील तर त्याची गरज नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर समोरच्या यंत्राच्या चावीचा ठसा, म्हणजे तिच्यावरून निघणारी अक्षरांची ओळखखूण, येतो आणि 'येस की नो' असं विचारतात. शंभरातले बहुतेक लोक न वाचता येस टाइप करतात. कुलूप कितीही भक्कम असू दे, चावी चोराच्या हातात दिली तर ते काय कामाचं? मधल्या कुणी आपलं यंत्र तुमच्या घरचं म्हणून पुढं केलं असेल तर ते कळण्याची ही एकच जागा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर बसून ठसा आधी काढून ठेवा:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

तो कागदावर लिहून घ्या आणि वाचनालयात पडद्याशी ताडून बघा.

निपाणीकर | रविवार, रात्री ११.३०

खडेबाजार म्हणतात ते सगळं बरोबर. पण अण्णा, ६० जीबीला एससीपी नको. लाइन तुटली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हिशोब बघा. तुमच्या गावातून अपलोड १० एमबीपीएस धरला तर ६० जीबीला ४८,००० सेकंद, म्हणजे १३ तास २० मिनिटं. जांबोटीकडं पावसात एवढा वेळ लाईट टिकते काय?

आरसिंक वापरा. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं, आणि त्याचा मुद्दाच हा की पलीकडं पोचलेलं पुन्हा पाठवायचं नाही.

आरसिंक -एव्ही --पार्शल --प्रोग्रेस /स्कॅन/वह्या/ दफ्तर@घरचा-पत्ता:/साठा/वह्या/

तुटलं की हीच कमांड पुन्हा चालवायची. आकार आणि बदलाची वेळ जुळली की ती फाइल सोडून पुढं जातं. 'ए' अक्षर त्यासाठीच हवं, त्यानं मूळ तारखा तशाच जातात. तारखा गेल्या नाहीत तर दर वेळी सगळ्या फाइली नव्यानं तपासत बसेल. 'पार्शल'मुळं अर्धी गेलेली मोठी फाइल टाकून न देता तिथून पुढं चालते.

पहिल्या जागेच्या शेवटची तिरकी रेघ नीट बघा. 'वह्या/' असं लिहिलं तर आतला माल जातो, 'वह्या' असं लिहिलं तर फोल्डरसकट जातो आणि पलीकडं वह्यांच्या आत वह्या तयार होतात. मी निपाणीच्या दुकानात वर्षभराचे हिशोब असेच दोन-दोनदा साठवून डिस्क भरली होती.

झेड लावून दाबून पाठवायची गरज नाही. जेपीजी आणि पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात, उगाच प्रोसेसर तापतो. न दाबलेल्या टिफ असतील तर मात्र झेडचा फायदा होतो. दिवसा वाचनालयात मुलं इंटरनेट वापरत असतील तर --बीडब्ल्यूलिमिट=५०० द्या, म्हणजे सेकंदाला ५०० किलोबाइटच्या वर जाणार नाही.

शहापूरची अक्का | सोमवार, सकाळी ७.४०

मी एका ऑफिसात सर्व्हर बघते, म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगते.

पासवर्डवर काम चालवू नका, चावी करा. वाचनालयाच्या यंत्रावर एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ चालवा. दोन फाइली होतात. '.पब'वाली घरी पाठवायची, एसएसएच-कॉपी-आयडी ते काम करतं. दुसरी खासगी, ती त्या यंत्रावरून कधीच हलवायची नाही, ईमेलनं तर नाहीच. चावी चालेना झाली तर आधी परवानग्या बघा. घरी डॉट-एसएसएच फोल्डर ७०० आणि मान्य चाव्यांची ऑथराइज्ड-कीज फाइल ६०० हवी, म्हणजे दोन्ही फक्त मालकाला उघडतात. फोल्डरात इतरांना लिहिता येत असेल तर सर्व्हर ती चावी मानतच नाही. मग घरच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पासवर्डनं आत येणं पूर्ण बंद करा.

दुसरी गोष्ट. वाचनालयात दहा जण येतात-जातात. ते यंत्र चोरीला गेलं तर त्या चावीनं तुमचं घर उघडता कामा नये. आरसिंकबरोबर 'आरआरसिंक' नावाची छोटी स्क्रिप्ट येते. ऑथराइज्ड-कीजमध्ये त्या चावीच्या ओळीच्या सुरुवातीला ती लावली आणि -डब्ल्यूओ दिलं, की त्या चावीनं फक्त एका फोल्डरात लिहिता येतं. वाचता येत नाही, दुसरीकडं फिरता येत नाही.

आणि --डिलीट लावू नका, कृपा करा. बाहेरची डिस्क लावायची राहिली आणि रिकाम्या फोल्डरावरून --डिलीटसह आरसिंक चाललं तर बेळगावची प्रतही रिकामी होईल. कधी लागलंच तर आधी -एन लावून बघा, ते काय करणार एवढंच दाखवतं, हात लावत नाही.

मलप्रभाकाठ | बुधवार, रात्री ८.१५

अक्का, निपाणीकर, खडेबाजार, तिघांचे मनापासून आभार. घरातल्या घरात दोन यंत्रांमध्ये सगळं झालं, चावीसुद्धा. पण आज वाचनालयातून घरी जोडायला गेलो तर 'कनेक्शन टाइम्ड आउट'. राउटरमध्ये पोर्ट उघडलाय, उबुंटूवर एसएसएच चालू आहे. काय सुटतंय?

पुण्यातला बेळगावी | बुधवार, रात्री ९.५०

राउटरच्या पानावर 'वॅन'समोर, म्हणजे बाहेरच्या लाइनसमोर, कुठला पत्ता दिसतो ते बघा. तो १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तुमच्या कंपनीनं अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. वाड्याला पोस्टाचा पत्ता एकच असतो आणि आत वीस बिऱ्हाडं, तसं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून तुमच्या बिऱ्हाडाला हाक मारता येत नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, हाक तिथवर येतच नाही.

बरं हे की सार्वजनिक पत्ता फक्त घेणाऱ्या बाजूला लागतो. वाचनालयातून ढकलायचं असेल तर तिथं काहीच बदलायला नको. बेळगावच्या घरी कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागा, बहुतेक कंपन्या महिन्याला थोडे पैसे घेऊन देतात. नाहीच दिला तर एखादा छोटा सर्व्हर भाड्यानं घेऊन, घरच्या यंत्रानं त्याच्याकडं उलटी नळी टाकायची, एसएसएच मोठा आर. वाचनालय त्या सर्व्हरवरून मोठा जे लावून घरी पोचेल. मधल्या सर्व्हरला फाइली वाचता येत नाहीत, कुलूप दोन टोकांनाच उघडतं.

पत्ता उघडा झाला की काही तासांत अनोळखी यंत्रं दार ठोठवायला लागतील, लॉगमध्ये दिसेल. घाबरू नका, पासवर्ड बंद असेल तर त्यांच्या हाती काही लागत नाही. पोर्ट २२ बदलून दुसरा ठेवला तर आवाज कमी होतो, सुरक्षितता मात्र चावीमुळंच.

मलप्रभाकाठ | शनिवार, रात्री १०.३०

पत्ता मिळाला. आज ठसा ताडला, तो प्रसंग सांगतो.

मी घरी, वाचनालयात आमचे काका. काकांचं वय ७२, मराठी शाळेतून शिकलेले, वाचनालयाची किल्ली गेली ३० वर्षं त्यांच्याकडं. फोनवर मी कागद वाचतोय, ते पडद्यावर बोट ठेवून जुळवतायत. ठशात ४३ अक्षरं असतात, मोठी-छोटी मिसळलेली, मध्ये आकडेही. 'मोठा क्यू, छोटा एल, सात...' नवव्या अक्षराला काका थांबले. म्हणाले, "जुळत नाही. तू शून्य म्हणालास, इथं ओ आहे." मी कागद पुन्हा बघितला. लिहून घेताना मीच मोठ्या ओचा शून्य केला होता. घरच्या पडद्यावर परत काढून बघितलं, ओच होता. मग आम्ही ४३ च्या ४३ अक्षरं पहिल्यापासून पुन्हा वाचली आणि त्यानंतरच काकांनी येस टाइप केलं. एका अक्षरासाठी त्यांनी मला थांबवलं याचा मला फार अभिमान वाटला.

खडेबाजार | शनिवार, रात्री ११.००

काकांना माझा नमस्कार सांगा. हे काम असंच व्हायला हवं.

पुढच्या वेळी थोडं सोपं करता येईल. २०१९ च्या ओपनएसएसएच ८.० पासून त्या प्रश्नाला येसऐवजी ठसाच टाइप करता येतो. सुरुवातीच्या 'एसएचए२५६:'सकट काकांनी टाइप करायचा. जुळला तरच जोडणी पुढं जाते, म्हणजे डोळ्यांची चूक उरत नाही.

संकेश्वरकर | रविवार, सकाळी ९.१०

याच्याच पुढचं सांगतो. एकदा येस म्हटलं की ती ओळख 'नोन-होस्ट्स' फाइलीत राहते आणि पुढं विचारत नाहीत. पण कधीतरी मोठ्या अक्षरांत इशारा येतो की समोरच्या यंत्राची ओळख बदललीय. यंत्रावर लिनक्स नव्यानं टाकलं असेल तर असं होणारच. आमच्या कामाच्या ठिकाणी दोनदा तसंच झालं, आणि जुनी ओळ पुसून पुढं जायची सगळ्यांना सवय लागली. तिसऱ्या वेळी राउटरनं तो पत्ता दुसऱ्याच यंत्राला दिला होता. आम्ही ओळ पुसली आणि आपला पासवर्ड त्या परक्या यंत्राला टाइप करून दिला. नंतर सगळे पासवर्ड बदलावे लागले. इशारा आला की आधी फोन, मग ओळ पुसणं.

मलप्रभाकाठ | पुढचा गुरुवार, रात्री ९.४५

६० जीबी बेळगावात पोचले! मंगळवारी संध्याकाळी सुरू केलं, लाईट दोनदा गेली, एकदा लाइन तासभर बंद होती. काकांनी तीच कमांड बाण दाबून परत चालवली, बाकी काही नाही.

आता दोन अडचणी. आमच्यातल्या एक ताई विंडोजच्या लॅपटॉपवरून वाचनालयाच्या यंत्रावर एससीपीनं स्कॅन टाकतात. त्यांच्या १४ फाइली त्या यंत्रावर जातच नाहीत, विंडोजमध्ये मात्र व्यवस्थित उघडतात. आणि 'शेतकऱ्यांचे अर्ज' या नावाची दोन फोल्डरं दिसतायत, अक्षर न् अक्षर सारखी. एकाच फोल्डरात एकाच नावाचं दोनदा कसं येईल?

खडेबाजार | गुरुवार, रात्री १०.२०

ताई फाइलीच्या नावात पूर्ण वर्णन लिहितात काय? लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. खूण म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलंत हेही धरून. 'शेतकऱ्यांच्या' हा एकच शब्द १३ खुणांचा, म्हणजे ३९ बाइट. ८५ खुणांत नाव संपलं पाहिजे. विंडोज बाइट मोजत नाही, खुणा मोजतं, म्हणून तिथं २५५ बसतात. कन्नडचंही तसंच, तिथंही एका खुणेला ३ बाइट. नाव छोटं ठेवा, गाव-साल-क्रमांक एवढंच, आणि वर्णन वेगळ्या यादीत लिहा.

शहापूरची अक्का | गुरुवार, रात्री १०.५५

दुसऱ्या अडचणीचं मूळ आपल्या 'ऱ' मध्ये आहे, आणि मराठी लिहिणाऱ्यांना ती हमखास भेटते. कुणीतरी जुन्या मॅकवरून फोल्डर दिलंय काय? युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची पद्धत, त्यात 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सबंध अक्षर म्हणून, आणि दुसरा साधा र अधिक खाली टिंब. मॅकची जुनी डिस्क-पद्धत नाव साठवताना सबंध ऱ मोडून दोन तुकडे करते. डोळ्यांना फरक दिसत नाही, लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'वाऱ्याचा', सगळीकडं हे होईल.

कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन घ्या, -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ -आर --एनएफसी असं चालवा. ते आधी काय बदलेल एवढंच दाखवतं, --नोटेस्ट दिल्यावर खरं बदलतं. तुमच्याकडं त्याच नावाचं दुसरं फोल्डर आधीच आहे, म्हणून आतला माल हातानं एकत्र करा आणि मगच चालवा.

निपाणीकर | गुरुवार, रात्री ११.१५

अण्णा, पोचलं म्हणजे बरोबर पोचलं असं धरू नका. पाठवलेली फाइल पलीकडं नीट लिहिली गेली हे आरसिंक स्वतः ताडतं. पण वाचनालयाच्या डिस्कवरच ती बिघडलेली असेल तर बिघडलेलीच प्रामाणिकपणे पाठवेल. तुमच्या त्या ११ फाइली अशाच कुठंतरी मोडल्या असणार. स्कॅन केल्या दिवशीच त्या फोल्डरातल्या सगळ्या फाइलींचा एसएचए२५६सम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून यादी ठेवा. यादी फाइलींबरोबर बेळगावला जाईल, तिथं एसएचए२५६सम -सी --क्वाएट यादी असं चालवा. सगळं जुळलं तर पडद्यावर एक अक्षर येत नाही.

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९.००

मॅक खरंच होता, आमच्यातल्या एकाच्या मुलीचा. दोन्ही फोल्डरं एकत्र केली. ताईंच्या १४ फाइलींना छोटी नावं दिली, त्या गेल्या. वर्णनाची यादी ताईंनी स्वतः वहीत उतरवून घेतली.

यादी काल केली, आज घरी ताडली. एक फाइल जुळली नाही. देवस्थानाच्या जमाखर्चाचं पान. पोटात गोळाच आला. काकांना फोन केला तर म्हणाले, "ते पान आडवं दिसत होतं, मी रात्री सरळ करून ठेवलं." यादी काढल्यावर फिरवलं, म्हणून बदल दिसला. आता ठरवलंय, मूळ स्कॅनला कुणी हात लावायचा नाही, फिरवायचं ते प्रतीवर. त्या फोल्डराची फक्त वाचण्याची परवानगी ठेवलीय.

अक्कांना एक विचारायचं होतं. दोन्ही प्रती २६ किलोमीटरच्या आत आहेत. तिसरी लांब ठेवावी काय?

शहापूरची अक्का | रविवार, रात्री ९.२५

ठेवाच. दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या माणसाच्या घरी. चावी वेगळी करा, बेळगावची तिकडं चालवू नका.

संकेश्वरकर | रविवार, रात्री ९.४०

माझ्याकडं २ टीबीची डिस्क रिकामी आहे, सार्वजनिक पत्ताही आहे. तुमच्यासाठी वेगळं खातं उघडतो, आरआरसिंक लावून. तुमची '.पब' फाइल पाठवा. ठसा मात्र मी इथं लिहिणार नाही. मंगळवारी रात्री ८ नंतर फोन करा, वाचून दाखवतो. काकांनाही फोनवर घ्या.